हातची आघाडी निसटते तेव्हा: बेसबॉल चाहत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय-कँटनपासून न्यू जर्सीच्या एडिसनपर्यंत बेसबॉल पाहणारी मराठी घरं आता बरीच आहेत, आणि पहाटे उठून स्कोअर बघणारे पुण्या-नाशिकातही आहेत. २०२५ मध्ये डेट्रॉइट टायगर्सनी डिव्हिजनमधली प्रचंड आघाडी घालवली, तेव्हापासून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: आघाडी म्हणजे आपल्या खात्यात जमा झालेली रक्कम नव्हे. तो दोन संघांमधला फरक असतो आणि तो दोन्ही बाजूंनी कमी होतो. राग येणारच, पण तो कशाचा आणि किती, हे या हिशोबाशिवाय कळत नाही.

डिव्हिजन म्हणजे काय, आणि ती जिंकण्याला इतकं महत्त्व का?

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ, दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये तीन डिव्हिजन आणि प्रत्येक डिव्हिजनमध्ये पाच संघ आहेत. मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. प्रत्येक लीगमधून सहा संघ प्लेऑफमध्ये जातात: तीन डिव्हिजन विजेते आणि तीन वाइल्ड कार्ड, म्हणजे डिव्हिजन न जिंकलेल्यांपैकी सर्वोत्तम कामगिरीचे संघ. विजेत्यांपैकी वरच्या दोघांना पहिली फेरी खेळावीच लागत नाही. तिसरा विजेता पहिली फेरी खेळतो, पण तीनही सामने घरच्या मैदानावर. वाइल्ड कार्डच्या खालच्या दोन संघांना हेच तीन सामने दुसऱ्याच्या मैदानावर खेळावे लागतात. म्हणजे डिव्हिजन गमावली म्हणून मोसम संपतोच असं नाही, पण वाट खडतर होते.

"साडेपंधरा सामन्यांची आघाडी" हा आकडा येतो कुठून? सामना अर्धा कसा असू शकतो?

दोन्ही संघांच्या विजयांतला फरक घ्या, पराभवांतला फरक घ्या, दोन्हींची बेरीज करा आणि निम्मी करा. दोघांनी खेळलेल्या सामन्यांतला फरक विषम (एक, तीन) असला की अर्धा येतो.

८ जुलै २०२५ला टायगर्स ५९-३४ होते, म्हणजे ५९ विजय आणि ३४ पराभव. क्लीव्हलंड गार्डियन्स ४२-४८. विजयांत फरक १७, पराभवांत १४, बेरीज ३१, निम्मे साडेपंधरा.

तक्त्यात मात्र आधी पराभवांचा रकाना बघा. कमी सामने खेळलेला संघ उरलेले सामने जिंकू शकतो, पण झालेला पराभव कुणालाच पुसता येत नाही. अनुभवी चाहते "लॉस कॉलममध्ये किती?" असं विचारतात ते याचसाठी.

मॅजिक नंबर कसा काढायचा?

१६३ मधून आपल्या संघाचे विजय वजा करा, मग मागच्या संघाचे पराभव वजा करा. जे उरेल तितक्या "चांगल्या गोष्टी" डिव्हिजन पक्की व्हायला अजून घडायला हव्यात. आपला प्रत्येक विजय ही एक चांगली गोष्ट, त्यांचा प्रत्येक पराभवही एक. दोन्ही संघ आपसात भिडले आणि आपण जिंकलो, तर आकडा एकदम दोनने उतरतो.

न्यूयॉर्क मेट्सचं २००७ चं उदाहरण घ्या. १२ सप्टेंबरला मेट्स ८३-६२ आणि फिलाडेल्फिया फिलीज ७६-६९ होते. आघाडी सात सामन्यांची, उरलेले सामने प्रत्येकी १७. मॅजिक नंबर: १६३ वजा ८३ वजा ६९, म्हणजे ११. दोघांचे मिळून ३४ निकाल बाकी होते आणि त्यांतले फक्त ११ मनासारखे हवे होते. मेट्स पुढे ५-१२ गेले, फिलीज १३-४. म्हणजे पाच आणि चार, एकूण नऊ. दहा झाले असते तरी बरोबरी झाली असती. शेवटच्या दिवशी, ३० सप्टेंबरला, टॉम ग्लॅविनसारखा मातब्बर पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज) एकच फलंदाज बाद करून सात धावा देऊन परतला. मेट्स फ्लोरिडा मार्लिन्सकडून ८-१ असे हरले आणि एका सामन्याने डिव्हिजन गेली. या १७ सामन्यांत १४ ते १६ सप्टेंबरची मेट्सच्या घरच्या शेया स्टेडियमवरची मालिका सर्वांत महागात पडली. फिलीजनी तिथे तीनपैकी तीन जिंकले, आणि मॅजिक नंबरच्या हिशोबात हे तीन पराभव सहा गमावलेल्या संधी ठरले.

२०२५ मध्ये टायगर्सचं नेमकं काय झालं?

८ जुलैपासून मोसम संपेपर्यंत टायगर्स २८-४१ खेळले आणि गार्डियन्स ४६-२६. अखेर गार्डियन्स ८८-७४, टायगर्स ८७-७५. साडेपंधरा सामन्यांची पिछाडी भरून डिव्हिजन जिंकण्याचा हा मेजर लीगमधला विक्रम आहे. आधीचा मान १९१४च्या बॉस्टन ब्रेव्जकडे होता. ते जुलैच्या सुरुवातीला १५ सामने मागे आणि तळाला होते.

आता या पडझडीची वाटणी करून पाहू. निम्मे सामने जिंकणारा संघ ही मधली रेघ धरा. २८-४१ म्हणजे टायगर्स त्या रेघेच्या साडेसहा सामने खाली, आणि ४६-२६ म्हणजे गार्डियन्स दहा सामने वर. बेरीज साडेसोळा: साडेपंधराची आघाडी गेली आणि वर एका सामन्याने मागे पडले. म्हणजे या उलथापालथीत गार्डियन्सच्या चांगल्या खेळाचा वाटा टायगर्सच्या वाईट खेळापेक्षा मोठा आहे. डेट्रॉइटच्या चाहत्याला हे ऐकायला आवडत नाही, पण आकडे हेच सांगतात.

तरीही संतापाला जागा आहेच. ८ जुलैनंतर टायगर्स नुसते ३५-३४ असे खेळले असते तरी ९४ विजय झाले असते आणि गार्डियन्सच्या त्या सगळ्या पराक्रमाचा उपयोग झाला नसता. १ सप्टेंबरच्या सकाळी टायगर्स ८०-५८ होते, गार्डियन्स ६८-६७, आघाडी साडेदहा, मॅजिक नंबर १६. सप्टेंबरात टायगर्स ७-१७ गेले आणि गार्डियन्स २०-७. सात आणि सात, चौदा. दोन कमी पडले. चोवीस सामन्यांत आणखी दोन जिंकायला हवे होते, आणि ते दोन कुठले कुठले असू शकले असते हे चाहता डिसेंबरपर्यंत मोजत बसतो.

२३ सप्टेंबरच्या त्या सामन्याबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण त्या रात्री क्लीव्हलंडमध्ये सगळं एकाच इनिंगमध्ये (सामन्याच्या नऊ डावांपैकी एकात) दिसलं. टायगर्सकडे चेंडू होता टारिक स्कुबलच्या हातात. २०२४चा अमेरिकन लीगमधला सर्वोत्तम पिचर, आणि पुढे २०२५चाही तोच. टायगर्स २-० ने पुढे, सहावी इनिंग. गार्डियन्सनी मोठे फटके मारायचा हट्ट सोडला आणि बंट टाकायला सुरुवात केली. बॅट आडवी धरून चेंडू नुसता समोर टेकवायचा आणि धावायचं. अशाच एका बंटवर स्कुबलने घाईत चेंडू उचलून दोन पायांमधून मागच्या मागे फर्स्ट बेसकडे फेकला आणि तो भलतीकडे गेला. मग एक वाइल्ड पिच (कॅचरलाही न आवरणारा चेंडू), एक बॉक (पिचरची नियमबाह्य हालचाल). गार्डियन्सचा डेव्हिड फ्राय बंटच्या पवित्र्यात असताना ताशी ९९ मैलांचा चेंडू त्याच्या चेहऱ्यावर लागला आणि त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. खेळ सुरू झाला तेव्हा मैदानावरचा प्रत्येक जण हादरलेला होता. त्या इनिंगमध्ये तीन धावा झाल्या. सामना ५-२ असा गार्डियन्सनी जिंकला आणि डिव्हिजनमध्ये बरोबरी झाली.

सर्वोत्तम पिचरच्या दिवशी हरणं दुप्पट लागतं, कारण तो दिवस चाहत्याने मनात आधीच विजयाच्या खात्यात लिहिलेला असतो.

आघाडी कोसळण्याची खरी कारणं कोणती?

बहुतेक वेळा पहिलं कारण पिचर संपणं. संघात सुरुवात करणारे पाच पिचर असतात आणि प्रत्येकाला चार-पाच दिवसांची विश्रांती लागते. त्यातला एक गेला तर सहावा सापडतो. दोन गेले की पोकळी बुलपेनमधल्या, म्हणजे सामन्यात मध्येच बदली येणाऱ्या, पिचरांनी भरावी लागते आणि महिनाभरात तेही थकतात. टायगर्सच्या जॅक्सन जोबवर जूनमध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि जुलैत रीस ओल्सन खांद्याच्या दुखापतीने मोसमाबाहेर गेला. इथेच पाया खचला. त्यानंतर स्कुबल खेळला की एक दिवस निर्धास्त आणि मधले चार दिवस जीव टांगणीला, असं चक्र सुरू झालं.

दुसरं कारण घबराटीत घेतलेले निर्णय, आणि याचा सगळ्यांत जुना धडा १९६४च्या फिलीजचा. तेव्हा डिव्हिजन नव्हत्या, थेट लीगचं विजेतेपद असे. १२ सामने बाकी, साडेसहा सामन्यांची आघाडी. २१ सप्टेंबरला सिनसिनाटीच्या चिको रुईझने होम प्लेट चोरली (फटका न लागताच शेवटच्या टप्प्यावर पळून धाव घेतली) आणि फिलीज १-० ने हरले. तिथून सलग दहा पराभव. मॅनेजर (बेसबॉलमधला मुख्य प्रशिक्षक) जीन मॉकने जिम बनिंग आणि ख्रिस शॉर्ट या दोन भरवशाच्या पिचरांना दोन-दोन दिवसांच्याच विश्रांतीवर पुन्हा पुन्हा उतरवलं. थकलेल्या हातातून चेंडू वर राहतो, वळत नाही, आणि तो मारला जातो. एक पराभव वाचवण्यासाठी पुढचे दोन ओढवून घेतले गेले. एका सामन्याने विजेतेपद सेंट लुईस कार्डिनल्सकडे गेलं.

तिसरं कारण इनफिल्डच्या, म्हणजे बेसभोवतालच्या आतल्या मैदानाच्या, मध्यावरची दुखापत. १९९५ मध्ये कॅलिफोर्निया एंजल्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) गॅरी डिसार्सिना ऑगस्टच्या सुरुवातीला अंगठ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. शॉर्टस्टॉप गेला की पिचरला एका इनिंगमध्ये तीनऐवजी चार बळी घ्यावे लागतात. तेव्हा सिअ‍ॅटल मरिनर्स १३ सामने मागे होते. एंजल्सनी पुढे दोनदा सलग नऊ सामने गमावले, मोसमाअखेर बरोबरी झाली, आणि एका सामन्याच्या निर्णायक लढतीत रँडी जॉन्सनसमोर ते ९-१ असे हरले. १९७८ मध्ये मोठी आघाडी घालवलेल्या बॉस्टन रेड सॉक्सचा थर्ड बेसमन बुच हॉब्सन कोपरात हाडांचे तुकडे घेऊन खेळत राहिला आणि त्या मोसमात त्याच्या नावावर ४३ चुका लागल्या. दुखऱ्या खेळाडूला बसवायला हवं होतं, हे बॉस्टनमध्ये अजूनही बोललं जातं आणि ते बरोबर आहे.

चौथं कारण कुणालाच आवडत नाही: आघाडी मुळातच थोडी फुगलेली असते. त्यासाठी पुढचा प्रश्न.

आघाडी खरी आहे की फुगलेली, हे जुलैतच कसं ओळखायचं?

केलेल्या धावा आणि दिलेल्या धावा बघा. केलेल्या धावांचा वर्ग करा, दिलेल्या धावांचा वर्ग करा, पहिल्याला दोन्हींच्या बेरजेने भागा आणि १६२ ने गुणा. येतील तेवढे विजय त्या संघाच्या खेळाला शोभतात. उदाहरणार्थ, ७५० धावा केल्या आणि ६९० दिल्या, तर उत्तर साधारण ८८ येतं. संघ ९५च्या वेगाने जिंकत असेल, तर वरचे सात एका-एका धावेच्या निसटत्या विजयांतून आलेले असतात आणि ते टिकतीलच असं नाही.

हेच गणित मागच्या संघासाठीही करा. हे बरेच चाहते विसरतात. गार्डियन्सनी जूनच्या शेवटापासून ६ जुलैपर्यंत सलग दहा सामने गमावले होते. साडेपंधराचा आकडा त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून मोजलेला होता. ऑल-स्टार विश्रांतीपर्यंत (जुलैच्या मध्यातली मोसमी सुट्टी), म्हणजे आठवडाभरातच, तो बारावर आला होता.

प्रोबॅबिलिटीच्या तक्त्यात डिव्हिजन जिंकण्याची शक्यता ९९ टक्के दिसत होती. मग ते तक्ते खोटे का?

खोटे नाहीत. उरलेले सामने संगणकावर हजारो वेळा खेळवून तो आकडा काढतात. ९९ टक्के म्हणजे शंभरात एकदा उलटं होणारच, आणि दरवर्षी सहा डिव्हिजन असतात.

मेट्सच्या २००७च्या हिशोबाकडे परत जाऊ. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा धरला आणि आपसातले सामने वेगळे मोजले नाहीत, तर ३४ निकालांत नऊ किंवा त्याहून कमी अनुकूल पडण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहून थोडी कमी येते, साधारण दोनशेवीसात एक. आपसातले सामने दुहेरी मोजले जातात, त्यामुळे प्रत्यक्षात ती आणखी वाढते. दुर्मीळ आहे, अशक्य नाही. या तक्त्यांची खरी मर्यादा वेगळीच आहे: पिचर किती थकलेत, कोण दुखणं लपवून खेळतंय, हे त्यांना उशिरा कळतं. मैदानावर डोळे लावून बसलेल्या चाहत्याला ते बऱ्याचदा आधी दिसतं. म्हणून "आकडे ठीक आहेत, पण मला भीती वाटतेय" असं म्हणणाऱ्याला वेड्यात काढू नये.

व्यवस्थापनाने जुलैअखेर हात आखडता घेतला का?

डेट्रॉइटच्या चाहत्यांच्या तक्रारींतली ही सर्वांत रास्त तक्रार. खेळाडूंच्या अदलाबदलीच्या ३१ जुलैच्या मुदतीपर्यंत संघाने पिचरच पिचर घेतले: काइल फिनेगन, ख्रिस पॅडॅक, चार्ली मॉर्टन आणि आणखी काही. फिनेगन उपयोगी पडला. मॉर्टनला सप्टेंबरातच सोडून द्यावं लागलं. मोठा फलंदाज घेतला नाही. युहेनियो सुआरेझ सिअ‍ॅटलला गेला, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच सिअ‍ॅटलने टायगर्सना घरी पाठवलं. भविष्यातले तरुण खेळाडू राखून ठेवण्यामागे विचार आहे, तो चुकीचाच असं म्हणता येत नाही. पण स्कुबलसारखा पिचर ऐन बहरात असताना पुढच्या वर्षांसाठी वाट बघणं हे आमच्या मते चुकलं.

मॅनेजरला काढून टाकायला नको का?

ही मागणी दर वेळी होते, निकाल दर वेळी वेगळा. मॉक १९६४ नंतरही १९६८ पर्यंत राहिला. रेड सॉक्सचा डॉन झिमर १९७८ नंतर दोन मोसम टिकला. मेट्सच्या विली रँडॉल्फला २००८च्या जूनमध्ये काढलं. २०११ मध्ये रेड सॉक्सनी सप्टेंबरात ७-२० अशी घसरगुंडी करून वाइल्ड कार्डमधली नऊ सामन्यांची आघाडी घालवली आणि दोन विश्वविजेतेपदं मिळवून देणारा टेरी फ्रँकोना मोसम संपताच गेला. तोच फ्रँकोना पुढे क्लीव्हलंडला अनेक वर्षं यशस्वी ठरला. टायगर्सनी ए. जे. हिंचला ठेवलं. मॅनेजरवर राग काढायचा तर तो पिचर कधी बदलला, कुणाला विश्रांती दिली नाही, अशा ठोस निर्णयांवर काढावा. "चेहऱ्यावर काहीच दिसत नाही" ही तक्रार निकामी आहे.

मी बघायला बसलो की हरतात. माझीच नजर लागते का?

नाही. ७-१७ खेळणारा संघ दहातले सात सामने हरतो. तुम्ही कुठलेही दहा बघा, सात पराभव दिसणार. न बघितलेले पराभव मनात राहत नाहीत, एवढाच फरक. टोपी बदलायची तर खुशाल बदला, पण बघणं सोडू नका.

रोज त्रास होतो. बघणं सोडायचं नाही तर मग बघायचं कसं?

बेसबॉल जवळपास रोज असतो, म्हणून हा त्रास क्रिकेटच्या एखाद्या पराभवापेक्षा वेगळा आहे. जखमेवर खपली धरायच्या आत पुढचा सामना सुरू होतो. हे करून बघा:

दिवसातून एकदाच तक्ता बघा, सकाळी, सगळे निकाल आल्यावर. प्रतिस्पर्ध्याचा सामना समांतर लावून बसू नका. दोन सामने एकदम बघितले की दोन्हीकडे जीव जातो.

आपसातले सामने कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. २०२३ पासून डिव्हिजनमधल्या प्रत्येक संघाशी वर्षाला १३ सामने असतात. टायगर्सच्या बाबतीत १६ ते १८ सप्टेंबरच्या डेट्रॉइटमधल्या मालिकेने चित्र पालटलं. गार्डियन्सनी तिन्ही जिंकले आणि तीन दिवसांत तीन सामन्यांचं अंतर कमी केलं. इतर दिवशी एवढी घसरण हमखास होत नाही, त्यामुळे काळजीही या दिवसांसाठी राखून ठेवा.

पुढच्या पाच दिवसांचे पिचर पाहून ठेवा. आपला पाचवा पिचर त्यांच्या पहिल्यासमोर असेल तर तो पराभव आधीच धरून चाला.

घरात लहान मुलं बघत असतील तर त्यांच्यासमोर खेळाडूंना शिव्या देऊ नका. मूल तोच खेळाडू पाठीवर लिहिलेली जर्सी घालून बसलेलं असतं.

भारतातून बघताना वेळ काय?

डेट्रॉइटमध्ये संध्याकाळी ६:४०चा सामना भारतात दुसऱ्या दिवशी पहाटे ४:१०ला सुरू होतो. रविवारी दुपारी १:१०चा आपल्याकडे रात्री १०:४०ला. मोसमाच्या शेवटच्या रविवारी सगळे सामने जवळपास एकाच वेळी, तिथल्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे आपल्याकडे रात्री साडेबारा. सोमवारी रजा टाकलेली बरी.

प्लेऑफची तिकिटं घेतली आणि संघ पोहोचलाच नाही तर?

न झालेल्या सामन्याचे पैसे क्लब साधारणपणे परत देतात किंवा पुढच्या मोसमासाठी जमा धरतात. खरेदीच्या वेळच्या अटी वाचून ठेवा. दुसऱ्याकडून चढ्या भावाने घेतलं असेल तर परतावा त्या विक्री संकेतस्थळाच्या नियमांप्रमाणे. आघाडी घसरू लागली की पुनर्विक्रीचे भाव उतरतात, तेव्हा जायचंच असेल तर थांबून घेणं फायद्याचं.

डिव्हिजन गेली म्हणजे सगळं गेलं का?

टायगर्सचं गेलं नाही. वाइल्ड कार्डवर आत आले आणि पहिल्याच फेरीत गाठ पडली क्लीव्हलंडशीच, तिन्ही सामने क्लीव्हलंडच्या मैदानावर. पहिल्यात स्कुबलने १४ फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं आणि मालिका टायगर्सनी २-१ अशी जिंकली. पुढे सिअ‍ॅटलविरुद्ध पाचव्या, निर्णायक सामन्यात १५ इनिंग खेळून ते ३-२ असे हरले. १९७८ मध्ये मात्र वाइल्ड कार्ड नव्हतं. जुलैत न्यूयॉर्क यांकीजपेक्षा १४ सामने पुढे असलेले रेड सॉक्स सप्टेंबरात आपल्याच फेनवे मैदानावर यांकीजकडून चार दिवसांत चार सामने हरले, धावांची बेरीज ४२-९. तरी शेवटचे आठ सामने जिंकून त्यांनी ९९ विजयांवर बरोबरी साधली. २ ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यात बकी डेंटच्या होमरनने घात केला, ५-४. ९९ विजय मिळवून घरी बसावं लागलं.

बरोबरी झाली तर असा जादा सामना आताही होतो का?

नाही. २०२२ पासून तो बंद झाला. आता आधी आपसातल्या सामन्यांत कोण पुढे ते बघतात. तेही सारखं असेल तर डिव्हिजनमधल्या सामन्यांची कामगिरी. २०२५ मध्ये आपसातले सामने गार्डियन्सनी जास्त जिंकले होते, त्यामुळे टायगर्सना आणखी एक विजय मिळून दोघे ८८वर थांबले असते तरी डिव्हिजन क्लीव्हलंडचीच होती.